वडिलांसमोर डावखुरा, आजोबांसमोर उजवा

पंच_काका (धागाकर्ता)

गेले चार महिने लेकीकडे सिअ‍ॅटलला मुक्काम आहे. पहिला महिनाभर घरात टीव्हीवर बेसबॉल सुरू झाला की मी पाठ करून फोनवर नाशिकच्या बातम्या वाचत बसायचो. एकदा सहज मान वर केली तर मघाशी प्लेटच्या (फलंदाज जिच्याशेजारी उभा राहतो त्या पाटीच्या) या बाजूला उभा असलेला गडी आता पलीकडच्या बाजूला. जावयाला म्हटलं, "अहो, हा मघाशी उजवा होता ना?" तो म्हणाला, "बाबा, पिचर बदलला." (पिचर म्हणजे त्यांचा गोलंदाज.) इतकंच. जणू पाऊस आला म्हणून छत्री उघडली.

तो खेळाडू इथल्या संघाचा कॅल रॅली. यंदा इथे गावभर त्याचंच नाव. (टोपणनाव इथे लिहिण्यासारखं नाही, नातवाला मात्र ते फार आवडतं.) २०२५च्या हंगामात त्याने ६० होमरन (चेंडू थेट कुंपणापलीकडे, आपल्या षटकारासारखा) मारले. मारता मारता एक जुना विक्रम मोडला, दोन्ही हातांनी खेळणाऱ्या बॅटरने एका हंगामात मारलेले सर्वाधिक होमरन. तो आकडा होता ५४, साल १९६१ आणि माणूस मिकी मँटल. चौसष्ट वर्षं टिकलेला विक्रम म्हणजे काय चीज असेल, म्हणून शोधायला बसलो आणि त्यातच अडकलो. आज दुपारभर पाऊस आहे, तर लिहितो.

आधी हे दोन्ही हातांचं प्रकरण काय ते सांगतो. उजव्या पिचरचा वळणारा चेंडू उजव्या बॅटरपासून लांब पळतो, आपल्या लेगब्रेकसारखा. शिवाय तो पिचरच्या हातातून सुटतो तो बॅटरच्या खांद्यामागून आल्यासारखा वाटतो, म्हणजे दिसतोही उशिरा. तोच बॅटर डाव्याने उभा राहिला तर चेंडू आधीपासून समोर दिसतो आणि आत येतो. म्हणून पिचर उजवा असेल तर डाव्याने उभं राहायचं आणि पिचर डावा असेल तर उजव्याने. असं करणाऱ्याला म्हणतात स्विच हिटर. कागदावर सोपं आहे. उद्या सकाळी दाढी दुसऱ्या हाताने करून बघा, मग बोलू.

मिकीचा जन्म २० ऑक्टोबर १९३१चा, ओक्लाहोमातल्या स्पॅव्हिनॉ गावचा. वाढला त्याच राज्यातल्या कॉमर्स नावाच्या खाणगावात. वडील मट मँटल शिसं-जस्ताच्या खाणीत कामाला. बेसबॉलचं वेड इतकं की पोराचं नाव मिकी कॉक्रन या तेव्हाच्या नामवंत खेळाडूवरून ठेवलं. गंमत अशी की कॉक्रनचं खरं नाव होतं गॉर्डन स्टॅनली, मिकी हे नुसतं हाक मारायचं नाव! मटला ते ठाऊक नव्हतं. नाहीतर आज आपण गॉर्डन मँटलबद्दल बोलत असतो.

पोरगं चार-पाच वर्षांचं असल्यापासून मटने एक नेम धरला. खाणीतून सुटून घरी आला की अंगणातल्या पत्र्याच्या शेडपुढे मिकीला उभं करायचं. मट उजव्याने चेंडू टाकायचा, तेव्हा मिकीने डाव्याने खेळायचं. मग आजोबा, चार्ली, डाव्याने टाकायचे, तेव्हा उजव्याने. सुटलेला चेंडू पत्र्यावर आदळायचा. अंधार पडेपर्यंत हेच. ती शेड अजून उभी आहे म्हणतात, पत्र्याला पोचे आहेत.

मटचा हिशेब पुढचा होता. त्याला वाटायचं, उद्या संघ पिचर बघून बॅटर बदलायला लागतील, उजव्यासमोर डावा, डाव्यासमोर उजवा. मग ज्याला दोन्ही येतं त्याला कोण बाहेर बसवणार? पुढे मिकी न्यूयॉर्क यँकीजमध्ये गेला तर तिथला मॅनेजर केसी स्टेंगल नेमका हीच अदलाबदल करण्यासाठी गाजलेला. खाणीतल्या माणसाने हे कितीतरी वर्षं आधी ओळखलं होतं.

मिकी मुळात उजवा. डावी बाजू त्याच्या अंगची नव्हतीच. लहानपणी एका सामन्यात कंटाळून तो उजव्या पिचरसमोर उजव्यानेच उभा राहिला, तर मटने बाहेरून आरोळी ठोकली, घरी जा, आणि शिकवलंय तसं खेळणार असशील तरच गणवेश घाल. उजवी बाजू देवाने दिलेली, डावी बापाने. मला या सगळ्यात हेच दिसत राहिलं.

पुढचं थोडक्यात. शाळेत फुटबॉल खेळताना नडगीवर लाथ बसली, हाडात जंतुसंसर्ग झाला, पाय कापायची वेळ आली होती. तेव्हा नुकतंच मिळायला लागलेल्या पेनिसिलिनने वाचवला. १९५१ला, विशीही न गाठलेला मिकी यँकीजमध्ये. १९६८पर्यंत तिथेच, दुसरा संघ नाही. २४०१ सामने, ५३६ होमरन. तीनदा अमेरिकन लीगचा (दोन मोठ्या लीगांपैकी एक) सर्वोत्तम खेळाडू. सात वेळा वर्ल्ड सिरीजचं, म्हणजे हंगामाअखेरच्या अंतिम मालिकेचं, विजेतेपद आणि त्या मालिकांत मिळून १८ होमरन, जो विक्रम आजही आहे. १९५६ साली तर सरासरी .३५३, होमरन ५२, आणि त्याच्या फटक्यांवर संघाच्या १३० धावा. तिन्ही आकडे दोन्ही लीगमध्ये सर्वांत वरचे. दोन्ही हातांनी खेळणाऱ्या दुसऱ्या कुणालाही हा तिहेरी मुकुट मिळालेला नाही.

आणि हे सगळं एका गुडघ्यावर. ५ ऑक्टोबर १९५१, वर्ल्ड सिरीजचा दुसरा सामना. विली मेजने मारलेला चेंडू उंच गेला. मिकी उजवीकडून धावत आला, मध्ये संघातलाच जो डिमॅजिओ उभा, त्याने 'माझा' अशी हाक दिली. (आपल्याकडे दोघं 'तुझा तुझा' करत चेंडू मध्ये पाडतात.) मिकी जागच्या जागी थांबला आणि बुटाचे खिळे मैदानातल्या गटाराच्या झाकणात अडकले. उजवा गुडघा गेला. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या दारात टॅक्सीतून उतरताना त्याने वडिलांच्या खांद्यावर भार टाकला, आणि वडीलच खाली कोसळले. तपासणीत मटला हॉजकिन्स, म्हणजे लसिका ग्रंथींचा कर्करोग निघाला. बापलेक एकाच खोलीत शेजारच्या खाटांवर पडून उरलेले सामने टीव्हीवर बघत होते.

मट मे १९५२मध्ये गेला. वय ४०. तिहेरी मुकुटाला अजून चार वर्षं होती.

---

टिवल्याबावल्या

पहिला! वाचतो नंतर, आधी जागा पकडली.

वाचलं. काका, दाढीचा प्रयोग केला. हनुवटीला पट्टी आहे. झूममध्ये कॅमेरा बंद.

---

फिरकीवाला

सुंदर धागा काका. पण आपल्याकडचं उदाहरण कसं विसरलात? १९८१-८२च्या रणजीची उपांत्य फेरी, बंगळूरू, मुंबई विरुद्ध कर्नाटक. खेळपट्टी आखाडा झालेली. रघुराम भट, डावखुरा फिरकी गोलंदाज, पहिल्या डावात आठ बळी काढून बसलेला. दुसऱ्या डावात मुंबईची पडझड चाललेली आणि सुनील गावसकर खाली आला तो चक्क डाव्या हाताने उभा राहिला. भटसमोर डावा, दुसऱ्या टोकाच्या गोलंदाजासमोर पुन्हा उजवा. १८ नाबाद. पहिल्या डावाच्या आघाडीवर कर्नाटक पुढे गेलं ते गेलंच, पण निर्णायक पराभव टळला.

कारण तुमच्या मटचंच. डावखुऱ्या फिरकीपटूचा चेंडू उजव्या फलंदाजापासून बाहेर वळतो, तिथे कड लागते. तोच डाव्या फलंदाजासाठी आत येतो, पॅडवर घ्यायचा. माझे काका तेव्हा बँकेच्या बदलीवर बंगळूरात होते, त्या दिवशी अर्धी रजा टाकून मैदानात गेले होते. घरी हा किस्सा इतक्यांदा झाला की काकू मध्येच म्हणायच्या, "आता तो डाव्याने उभा राहणार."

---

पंच_काका

@फिरकीवाला, मान्य, चूक पदरात घेतो. गावसकरांनी त्या दिवशी केलं ते अस्सल बेसबॉलचं स्विच हिटिंग. गोलंदाज बदलला, बाजू बदलली, चेंडू टाकण्याआधी सगळ्यांना दिसेल असं उभं राहिलं. पंचाला काही त्रास नाही.

आपण क्रिकेटमध्ये 'स्विच हिट' म्हणतो ते मात्र वेगळं जनावर. केव्हिन पीटरसनने जून २००८मध्ये न्यूझीलंडच्या स्टायरिसला मारलेले दोन षटकार आठवा. गोलंदाज धावत येतोय आणि फलंदाज हात-पाय सगळं उलटं करतो. क्रिकेटचे नियम करणाऱ्या एमसीसीने तो फटका वैध ठरवला. मी तेव्हा क्लबच्या सामन्यांना उभा राहायचो. पुढच्याच रविवारी एका पोराने तसं केलं, चेंडू पॅडवर, जोरदार अपील. पायचीत द्यायचं तर लेग स्टंप कुठला धरायचा? (उत्तर: गोलंदाज धावायला लागला तेव्हा जो होता तो. मला ते घरी गेल्यावर पुस्तक उघडून कळलं. देव मला क्षमा करो.)

बेसबॉलमध्ये हा प्रश्नच येत नाही. दोन चेंडूंच्या मध्ये खुशाल बाजू बदला. पण पिचर टाकायला सज्ज झाला आणि तुम्ही या चौकटीतून त्या चौकटीत गेलात तर बाद. सरळ बाद. पीटरसन तिथे चेंडू न खेळताच परत गेला असता. पंच म्हणून सांगतो, नियम असावा तर असा.

---

आकडेमोड्या

काका, भावनेच्या भरात एक आकडा लपवलात. मँटलची सरासरी उजव्या बाजूने .३३०, डाव्या बाजूने .२८१. बेसबॉल न बघणाऱ्यांसाठी: दर हजार प्रयत्नांत उजव्याने ३३० वेळा यशस्वी, डाव्याने २८१. पन्नासचा फरक म्हणजे तिथे फार मोठा. आणि पिचर बहुतांश उजवे, म्हणजे हा गडी जास्तीत जास्त वेळ आपल्या कच्च्या बाजूने खेळला. एकूण सरासरी .२९८वर घसरली. .३०० निसटल्याची खंत त्याला मरेपर्यंत होती म्हणे. बापाने हट्ट केला नसता तर?

---

जर्सीकर

@आकडेमोड्या, तुझ्या गणितात खोट आहे. उजव्याचे .३३० हे फक्त डाव्या पिचरसमोरचे आहेत! उजव्या पिचरसमोर तो उजव्याने खेळलाच नाही, मग तिथे किती मिळाले असते हे कशावरून सांगणार? माझ्या मते .२८१च्याही खाली गेला असता. तुलना करायची ती 'डाव्याने उजव्यासमोर' आणि 'उजव्याने उजव्यासमोर' यांची, आणि त्यातला दुसरा आकडा जगात अस्तित्वातच नाही.

आता मैदान बघ. जुन्या यँकी स्टेडियममध्ये उजवीकडची कडेची भिंत २९६ फुटांवर, म्हणजे डाव्या बॅटरने ओढून मारलं की जवळच. पण डावीकडे मधल्या पट्ट्यात ४५७ आणि समोर ४६१ फूट. त्या भागाला लोक मृत्यूची दरीच म्हणायचे. उजव्याने मारलेले त्याचे किती चेंडू दुसऱ्या कुठल्याही मैदानात होमरन झाले असते आणि इथे झेल झाले, देव जाणे. ५३६पैकी साडेतीनशेहून जास्त होमरन डाव्या, म्हणजे 'कच्च्या' बाजूचे आहेत.

शिवाय डाव्याने उभं राहिलं की पहिला बेस, म्हणजे चेंडू मारून पळत गाठायचा पहिला टप्पा, एक-दोन पावलं जवळ. तरुणपणी तो भन्नाट पळायचा. डाव्याने चेंडू हळूच टेकवून पहिल्या बेसच्या बाजूला ढकलायचा आणि सुटायचा. एवढा दांडगा माणूस टुकटुक करतोय म्हणजे क्षेत्ररक्षकांची किती पंचाईत!

त्याचे दोन दंतकथा झालेले फटके बघ. १७ एप्रिल १९५३, वॉशिंग्टन, पिचर चक स्टॉब्स डावखुरा, म्हणून मिकी उजव्याने. चेंडू मैदानाबाहेर, लोकांच्या परसात. यँकीजच्या प्रसिद्धी अधिकाऱ्याने ५६५ फूट जाहीर केले, म्हणजे १७२ मीटर. (पुढे तो स्वतःच कबूल झाला की मोजपट्टी नव्हती, पावलांनी मोजलं. पण लांबलचक होमरनला 'मोजपट्टीचा होमरन' म्हणायची पद्धत त्यावरूनच रुळली.) दुसरा २२ मे १९६३, यँकी स्टेडियम, पिचर बिल फिशर उजवा, म्हणून मिकी डाव्याने. चेंडू स्टेडियमच्या छपराच्या नक्षीदार पट्टीवर आदळला, थोडक्यासाठी बाहेर जायचा राहिला. एक इकडचा, एक तिकडचा. यात कच्ची बाजू कोणती ते तूच सांग.

---

आकडेमोड्या

@जर्सीकर, तुलनेचा मुद्दा पटला, शब्द मागे. पण एक उलट उदाहरण देतोच. बाल्टिमोरचा सेड्रिक मलिन्स मूळचा डावा, दोन्ही हातांनी खेळायचा. २०२१च्या हंगामाआधी त्याने उजवी बाजू सोडून दिली, सगळ्यांसमोर डाव्याने. त्या वर्षी ३० होमरन आणि ३० चोरलेले बेस (पिचरची नजर चुकवून पळत गाठलेले). म्हणजे सोडणंही शहाणपणाचं असू शकतं. सराव दोन बाजूंत वाटला की दोन्ही अर्धे राहतात, असं पुष्कळांचं होतं. दोन दगडांवर पाय.

---

जर्सीकर

हे मात्र खरं. चिपर जोन्ससारखा एखादा, दोन्ही बाजूंनी .३००च्या वर. त्याच्या वडिलांचं दैवत कोण, सांगू? मिकी मँटल. त्यांनीच अंगणात पोराला दोन्ही बाजूंनी उभं केलं.

---

शब्दखूळ

स्विच हिटरला मराठीत तयार शब्द असताना इंग्रजीची उसनवारी का? सव्यसाची!

आता कुणी म्हणेल सव्य म्हणजे उजवा. आपल्याकडे श्राद्धाला जानवं सव्य-अपसव्य करतात त्यावरून तो समज. संस्कृतात सव्य म्हणजे मुळात डावा. डाव्या हातानेही प्रत्यंचा ओढू शकतो तो सव्यसाची. अज्ञातवास संपताना अर्जुन उत्तराला आपल्या नावांचे अर्थ सांगतो, तिथे म्हणतो की गांडीव ओढताना माझे दोन्ही हात उजवेच आहेत. म्हणजे डावा आहे म्हणून कमी, असं नाहीच.

---

टिवल्याबावल्या

अर्जुनाची सरासरी किती होती? दोन्ही बाजूंची वेगवेगळी द्या, आकडेमोड्या वाट बघतोय.

---

रेवा_डावरी

धागा वाचताना माझ्या घशात काहीतरी अडकलं, म्हणून लिहिते. मी डावरी. पहिली-दुसरीत एका बाईंनी डाव्या हातावर पट्टी मारून मारून मला उजव्याने लिहायला लावलं. घरी आजी म्हणायची नैवेद्याचं ताट डाव्याने वाढू नको, प्रसाद डाव्याने घेऊ नको. आज लिहिते उजव्याने, भाजी चिरते डाव्याने, आणि 'डावीकडे वळा' म्हटलं की क्षणभर गोंधळते. त्यामुळे एखादा बाप पोराला बाजू बदलायला लावतो आणि आपण सगळे वाहवा करतो, हे मला जड जातं. काका, तुमच्या मटने आरोळी ठोकली, घरी जा म्हणून. ते पोर तेव्हा काय विचार करत असेल?

जिंकलं म्हणून गोड. जे जिंकले नाहीत त्यांच्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडवर कोण धागा काढतं?

---

पंच_काका

@रेवा_डावरी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मीही डावरा आहे. मला पट्टी नव्हती, छडी होती. लिहितो उजव्यानेच. चेंडू मात्र आजही डाव्याने फेकतो, कारण मैदानात गुरुजी येत नसत.

मटची बाजू घेत नाही, पण अजून एक प्रसंग सांगतो, तो तुमच्या प्रश्नाच्या जवळ जाणारा आहे. १९५१च्या जुलैमध्ये मिकीचा सूर हरवला. यँकीजने त्याला खालच्या दर्जाच्या संघात, कॅन्सस सिटीला धाडलं. तिथेही जमेना. पोराने वडिलांना फोन केला की मला वाटत नाही मी खेळू शकेन. मट गाडी काढून आला. मिकीला वाटलं आता पाठीवर हात फिरवेल. मटने त्याची बॅग काढली आणि कपडे भरायला सुरुवात केली. म्हणाला, मला वाटलं होतं मी मर्द वाढवला, चल, माझ्याबरोबर खाणीत काम कर. मिकी रडला, थांबला. मग तिथल्या ४० सामन्यांत .३६१, ११ होमरन. ऑगस्टमध्ये यँकीजने परत बोलावलं आणि पाठीवर ७ नंबर दिला. आधी ६ होता.

हे सगळे लोक कौतुकाने सांगतात. मला वाचताना बॅग भरणारा बाप दिसला. त्या दिवसात त्याच्या अंगात रोग असणारच, कुणालाच माहीत नव्हता. त्याच्याकडे दुसरी कुठली जागा होती पोराला न्यायला? एक खाण. त्या पट्ट्यातलं शेजारचं पिचर नावाचं गाव (होय, नाव तेच) शिशाच्या प्रदूषणापायी पुढे रिकामं करावं लागलं. ही धमकी पोकळ नव्हती एवढंच म्हणतो. बरोबर होती असं नाही.

---

रेवा_डावरी

हं. खाणीचा मुद्दा लक्षात घेते. पट्टीचा राग मात्र ठेवते.

---

टिवल्याबावल्या

एक भाबडी शंका. बॅटर दोन्ही हातांनी खेळतो, ठीक. पिचरच दोन्ही हातांनी टाकणारा निघाला तर?

---

जर्सीकर

हाहा, झालंय! पॅट व्हेंडिट. त्यालाही वडिलांनीच लहानपणापासून दोन्ही हातांनी टाकायला शिकवलं. ग्लोव्ह खास बनवून घेतलेला, दोन्ही हातांत बसेल असा, दोन अंगठ्यांचा.

१९ जून २००८, स्टेटन आयलंड यँकीज विरुद्ध ब्रुकलिन सायक्लोन्स, अगदी खालच्या स्तरावरचा सामना. व्हेंडिटसमोर आला राल्फ हेन्रिकेझ, स्विच हिटर. बॅटर डावीकडे उभा राहिला, व्हेंडिटने ग्लोव्ह बदलून डावा हात मोकळा केला. बॅटर उजवीकडे गेला, यानेही ग्लोव्ह बदलला. तो परत डावीकडे, हा परत डावा. कित्येक मिनिटं एकही चेंडू पडला नाही, प्रेक्षक हसून लोळले. शेवटी पंचांनी एकत्र येऊन ठरवलं की बॅटरने आधी बाजू सांगायची. तो उजव्याने उभा राहिला आणि तीन स्ट्राइकमध्ये बाद.

त्यानंतर नियम झाला तो उलटा: आधी पिचरने हात ठरवायचा, सगळ्यांना दिसेल असा, आणि त्या बॅटरपुरता तोच ठेवायचा. व्हेंडिट २०१५मध्ये वरच्या दर्जाच्या लीगमध्ये ओकलंडकडून खेळलाही.

---

पंच_काका

मी त्या जागी पंच असतो तर दोघांनाही चहा पाजून घरी पाठवलं असतं.

---

फिरकीवाला

अवांतर: 'पहिले आप' लखनौचं ऐकलं होतं, ब्रुकलिनचंही निघालं.

---

मध्यरात्रीचा_वाचक

उशिरा आलो. दोन गोष्टींची भर घालतो, एक कडू, एक अचाट.

कडू आधी. घरातले पुरुष लवकर गेलेले, त्यामुळे आपणही चाळिशी बघणार नाही, अशी मँटलची पक्की समजूत होती आणि तो तसाच जगला. दारू भरपूर. १९९४च्या सुरुवातीला उपचार घेऊन सोडली, पण यकृत गेलेलं होतं. जून १९९५मध्ये डॅलसला यकृत प्रत्यारोपण झालं. जुलैमध्ये पत्रकारांसमोर आला तेव्हा ओळखू येत नव्हता, टोपी डोक्यावर मोठी होत होती. त्याने मुलांना उद्देशून सांगितलं, माझ्यासारखे होऊ नका. १३ ऑगस्ट १९९५ला गेला, ६३ वर्षांचा.

अचाट: १९५२ सालचं त्याचं चित्र असलेलं पुठ्ठ्याचं कार्ड, पोरं जमवतात तसलं, ऑगस्ट २०२२मध्ये लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. न विकलेल्या त्याच मालिकेतल्या कार्डांची खोकी कंपनीने पुढे बोटीतून नेऊन समुद्रात टाकली होती. आमच्या आईने माझ्या बबलगमच्या क्रिकेट चित्रांचा डबा भंगारवाल्याला दिला, त्याचं दुःख आता जरा हलकं झालं.

---

आकडेमोड्या

गुडघ्याबद्दल एक राहिलं. डाव्याने खेळताना पुढचा पाय उजवा, म्हणजे १९५१ला गेलेला तोच गुडघा. बॅट फिरवली आणि चेंडू लागला नाही की सगळा झोक त्याच्यावर. उतरत्या काळातल्या चित्रफितींत फटका चुकला की तो गुडघा मोडल्यासारखा वाकलेला दिसतो. शेवटच्या वर्षी, १९६८ला, सरासरी .२३७. मी आधी 'कच्ची बाजू' लिहिलं होतं, त्यात हेही धरायला हवं होतं.

---

पंच_काका

@आकडेमोड्या, हे मला माहीत नव्हतं. बापाने दिलेल्या बाजूचा सगळा भार त्याच पायावर.

पाऊस दोन दिवस थांबलाय, म्हणून शेवटची भर घालून धागा तुमच्या हवाली करतो.

जुलैत इथे टीव्हीवर होमरनची स्पर्धा दाखवली होती, अटलांटाहून. सामना नव्हे, नुसतं कोण जास्त मारतो. त्यात खेळाडू आपल्या पसंतीचा माणूस चेंडू टाकायला आणतो. कॅल रॅलीने आणले ते वडील. मागे झेलायला धाकटा भाऊ. थोडा वेळ डाव्याने मारलं, मग पलीकडे जाऊन उजव्याने, आणि जिंकला. टॉड रॅली स्वतः कॉलेजात प्रशिक्षक होते, त्यांनीच कॅलला लहान असताना दोन्हीकडून खेळायला लावलेलं. तेव्हा मला मँटल माहीत नव्हता, मी मधेच उठून भाकरी टाकायला गेलो होतो. आता लेकीने परत लावून दिलं तेव्हा सगळं पाहिलं. मुलगा चेंडू बाहेर घालवत होता आणि मला दिसत होते ते त्या बापाचे हात.

नातू आठ वर्षांचा. मागच्या अंगणात रोज संध्याकाळी जावई त्याला उजव्याने टाकतो. परवा नातू माझ्याकडे आला, "आजोबा, तू डावा आहेस ना? तू टाक." म्हणजे चार्लीची जागा रिकामी होती, ती मला मिळाली.

त्याला म्हटलं, तुला हवं त्या बाजूने उभा राहा. (रेवाताई, हे तुमच्यासाठी.) माझ्यासमोर तो उजव्याने उभा राहिला, बरा मारतो. मग बाबासमोर डाव्याने बघू म्हणाला. डाव्याने उभा राहिला की हात मात्र सवयीने जुनेच, डावा खाली, उजवा वर, कैचीसारखे. बॅट अर्ध्यातच अडकते. तीनदा हात सरळ करून दिले, चौथ्यांदा परत तेच. मग तो स्वतःच हसायला लागला, बॅट टाकून कुत्र्यामागे पळाला.

चाळीसेक चेंडू टाकले. खांद्याला बाम चोळून बसलोय.